एक मत आणि एकमत

मराठी भाषेत 'मत' हा शब्द एकटाच दोन घरची कामे करतो. संध्याकाळी चहाच्या पेल्याबरोबर आपण चार मित्रांत जे देतो ते मत. आणि मतदानकेंद्रात बोटाला शाई लावून घेऊन जे देतो तेही मतच. इंग्रजीने या दोन गोष्टींसाठी दोन निराळे शब्द ठेवले आहेत. आमच्याकडे ज्याने कोणी प्रथम निवडणुकीच्या कामी हा जुनाच शब्द योजला, त्याची समजूत अशी असावी की, मनुष्य जे मत देईल ते त्याचे मत असणारच. मग निराळा शब्द कशाला? या भाबड्या समजुतीवर आम्हीही पुष्कळ वर्षे सुखाने विसंबून होतो. ती समजूत आमच्या पुतणीने एका दुपारी मोडली.

ती दुपार १३ मे २०२४ ची. त्या दिवशी आमच्या शहरात लोकसभेचे मतदान होते. सकाळी लवकर रांगेत उभे राहून आम्ही सहकुटुंब कर्तव्य उरकले होते, आणि मे महिन्यातील मराठवाड्याच्या उन्हाला शोभेल अशा रीतीने कूलरसमोर पडून होतो. पुतणीचे हे पहिलेच मतदान. ती आपले शाईचे बोट पुन्हा पुन्हा न्याहाळीत होती. एकाएकी तिने विचारले, "काका, तुम्ही लोकसभेला आजवर किती वेळा मत दिलंत?"

आम्ही हिशेब केला. पहिले मत १९८९ साली दिले. तेव्हापासून एकही निवडणूक चुकविली नाही. "आजची धरून दहा वेळा," आम्ही काहीशा अभिमानाने सांगितले.

"मग आधीच्या नऊ वेळा जे निवडून आले, त्यांनी तिकडे दिल्लीत जाऊन कशावर काय मत दिलं?"

प्रश्न साधा होता, आणि उत्तर आम्हांस येत नव्हते. येथे वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे आमच्या ओशाळेपणाची त्यांस कल्पना येईल. आम्ही इंग्रजीचे अध्यापक. एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे केलेले भाषण आम्ही विद्यार्थ्यांस कितीतरी वर्षे समजावून देत आलो. प्रतिनिधीने मतदारांचा निरोप्या व्हावे की स्वतःची विवेकबुद्धी वापरावी, या प्रश्नावर आम्ही पाऊण तास न थांबता बोलू शकतो. आयर्लंडचा व्यापार आणि कॅथॉलिकांच्या सवलती यांविषयी बर्कने कोणती बाजू घेतली, आणि त्यापायी १७८० साली ब्रिस्टलमधून त्याला कशी माघार घ्यावी लागली, हेही आम्हांस मुखोद्गत आहे. परंतु ज्या शहरात आम्ही राहतो, मीठभाकर खातो व कर भरतो, त्या शहराच्या प्रतिनिधीने आमच्या नावाने काय मत दिले, हे पस्तीस वर्षांत आमच्या मनातही आले नव्हते.

शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. लोकसभेचा मतदारसंघ मात्र २०२४ च्या निवडणुकीतही 'औरंगाबाद' याच नावाने ओळखला गेला. त्या मतदारसंघाने दिल्लीस पाठविलेली माणसे आठवू लागलो, तेव्हा ती मोठी विविध निघाली. १९५७ साली तेथे एक संन्यासी निवडून गेला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे पहिल्या लोकसभेत गुलबर्ग्याचे आणि दुसऱ्या लोकसभेत आमचे प्रतिनिधी होते. १९७७ च्या लाटेत समाजवादी डॉ. बापू काळदाते गेले. १९८० साली काझी सलीम हे उर्दू कवी गेले. १९८९ व १९९१ साली मोरेश्वर सावे. आणि १९९९ पासून सलग चार वेळा, म्हणजे वीस वर्षे, चंद्रकांत खैरे. या सर्वांची भाषणे, मिरवणुका, क्वचित त्यांचे रागही लोकांस आठवतात. त्यांनी दिलेली मते मात्र कोणाला आठवत नाहीत.

पुतणीने तोवर आपल्या मोबाइलवर शोध चालविला होता. दिल्लीच्या पी.आर.एस. या संशोधन-संस्थेने प्रत्येक खासदाराचे एक पान केले आहे. त्यात हजेरी शेकडा किती, प्रश्न किती विचारले, चर्चेत किती वेळा भाग घेतला, खासगी विधेयके किती मांडली, सर्व काही व्यवस्थित मांडलेले. "पण मतांचा रकाना नाही," ती म्हणाली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात हजेरी असावी आणि गुण नसावेत, तसा हा प्रकार तिला वाटला.

रकाना का नाही, याचा उलगडा आम्हांस पुढे सवडीने वाचून झाला. लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष प्रश्न पुकारतात, 'हो' म्हणणारे 'हो' म्हणतात, 'ना' म्हणणारे 'ना'. ज्या बाजूचा आवाज मोठा वाटला तिच्याकडे कौल जातो. या निर्णयास कोणी हरकत घेतली, तरच मतविभाजन होऊन कोण कोठे होते हे नोंदले जाते. त्यातही एक खुबी आहे. मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांस वाटल्यास ते सभासदांस जागच्या जागी उभे राहण्यास सांगून डोकी मोजू शकतात. तेव्हा संख्या कळते, परंतु नावे नोंदली जात नाहीत. १९५७ साली, म्हणजे स्वामीजी आमचे प्रतिनिधी झाले त्याच वर्षी, लोकसभेत मते नोंदविण्याचे विजेचे यंत्र बसले. पण यंत्र असले म्हणजे ते वापरले जातेच असे नाही. आमच्या महाविद्यालयातही पुष्कळ यंत्रे आहेत.

घटनादुरुस्तीची गोष्ट वेगळी. तेथे एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश इतके पाठबळ घटनेने मागितले आहे, म्हणून मोजणी करावीच लागते. साध्या कायद्यास हे बंधन नाही. मग तो कायदा केवढा का महत्त्वाचा असेना. कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या आमच्या मराठवाड्याच्या दृष्टीने अलीकडच्या काळात शेतीच्या तीन कायद्यांहून जिव्हाळ्याचा विषय कोणता? ते सप्टेंबर २०२० मध्ये दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने मंजूर झाले. राज्यसभेत विरोधकांची मतविभाजनाची मागणी मान्य झाली नाही, व त्यावरून केवढा गदारोळ माजला हे सर्वांस ठाऊक आहे. पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसून राहिले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे चर्चेवाचून रद्द झाले. तेही आवाजी मतदानानेच. आले ते आवाजाने, गेले तेही आवाजाने. त्यात आपल्या गावच्या माणसाचा आवाज कोणता, हे ओळखण्याचे साधन शेतकऱ्याजवळ नाही.

खैरे यांच्या वीस वर्षांकडे या दृष्टीने पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. १९९० व १९९५ साली विधानसभेवर निवडून आलेले, राज्यात मंत्रिपद भोगलेले हे गृहस्थ लोकसभेत शिवसेनेचे प्रतोद झाले. प्रतोद म्हणजे चाबूक. इंग्रजी शब्दही तोच. शिकारीत कुत्र्यांचा कळप एकत्र राखणाऱ्या माणसावरून तो पार्लमेंटात शिरला. स्वपक्षीयांनी केव्हा हजर राहावे आणि कोणत्या बाजूने मत द्यावे, हा आदेश प्रतोदाच्या सहीने निघतो. २० जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारवर अविश्वासाचा ठराव मतास टाकला गेला. त्याच्या आदल्या दिवशी सरकारच्या बाजूने मत द्यावे अशा आशयाचा पक्षादेश खैरे यांच्या नावाने निघाल्याचे वृत्त पसरले. पक्षाने तो आपला नव्हे असे म्हटले. आणि प्रत्यक्ष ठरावाच्या दिवशी शिवसेनेचे अठराही सभासद मतदानापासून दूर राहिले. ठराव १२६ विरुद्ध ३२५ असा फेटाळला गेला. आदेश कसा निघाला व कोणाकडून, या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. आमच्या मनात राहिले ते इतकेच, की चोवीस तासांत बाजू बदलली, आणि त्या बदलात अठरा मतदारसंघांपैकी एकाही मतदारसंघाला कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही. आमच्या शहराचे त्या दिवशीचे 'मत' कोणते होते? नोंदीत ते कोठेच नाही.

यात एका व्यक्तीस दोष देणे सोपे आहे व अन्यायाचेही आहे. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट घटनेत आले. पक्षादेशाविरुद्ध मत देणारा अथवा मत न देणारा सभासद, पक्षाने पंधरा दिवसांत त्याला क्षमा न केल्यास, आपल्या जागेस मुकू शकतो. त्या काळी 'आयाराम-गयाराम' यांचा जो बाजार भरला होता, तो मोडण्यासाठी हा कायदा आला, आणि त्याची गरज नव्हती असे कोण म्हणेल? १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने वाजपेयींचे सरकार पडले, तेव्हा एकेका मताचे मोल काय असते हे देशाने पाहिले. तथापि विकले जाणारे मत बंद करावयास गेलो, आणि त्याच दाराने विचार करून दिलेले मतही बाहेर काढले गेले. चिंतामणराव देशमुख कुलाब्याचे प्रतिनिधी आणि देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवण्याचा निर्णय त्यांस पटला नाही, म्हणून १९५६ साली त्यांनी लोकसभेत राजीनाम्याचा उच्चार केला. स्वामी रामानंद तीर्थ काँग्रेसचे. परंतु हैदराबाद राज्याचे भाषेनुसार विभाजन झालेच पाहिजे, हे आपले मत त्यांनी वरिष्ठांचा कल निराळा असतानाही लपवून ठेविले नाही. त्या पिढीचे सर्वच सभासद असे बाणेदार होते, असा आमचा मुळीच दावा नाही. एवढेच की, त्यांचे मत काय होते हे आज आम्हांस सांगता येते.

आणि मग, शोधता शोधता, आमच्या शहराचे एक मत सापडले. अगदी लख्ख, नावानिशी.

२०१९ च्या निवडणुकीत खैरे यांचा ४,४९२ मतांनी पराभव करून इम्तियाज जलील लोकसभेत गेले होते. २० सप्टेंबर २०२३ रोजी नव्या संसदभवनात स्त्रियांस लोकसभेत व विधानसभांत एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याचे विधेयक मतास आले. घटनादुरुस्ती असल्यामुळे मोजणी अटळ. नव्या सभागृहातील ते पहिलेच मोठे मतदान. सभासदांनी चिठ्ठ्यांवर मते दिली आणि बराच वेळ मोजणी चालली. निकाल लागला तो ४५४ विरुद्ध २. त्या दोघांपैकी एक असदुद्दीन ओवैसी, हैदराबादचे. दुसरे जलील, आमचे. इतर मागासवर्गीय व मुस्लिम स्त्रियांसाठी त्या जागांत वाटा ठेवलेला नाही, हे त्यांच्या पक्षाने दिलेले कारण.

आमच्या पुतणीला हे मत यत्किंचितही आवडले नाही. "साऱ्या देशात दोनच जण विरोधात, आणि त्यांतला एक आपला!" ती म्हणाली. आम्हांसही ते पटले नव्हते. वाटा असावा हे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. पण अर्धी भाकर मिळत असता ताट लोटून देऊ नये, असे आमचे म्हणणे. आमच्या घरातून, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून, तिसरे मत आले, की ज्यांच्या ताटात ती अर्धीही पडणार नव्हती त्यांना आधी विचारा. असा अर्धा तास वाद झाला. वाद संपल्यावर आमच्या ध्यानात आले की, खासदाराच्या मतावर आमच्या घरात आयुष्यात प्रथमच भांडण झाले होते. जलील यांचे मतही पक्षाच्या धोरणाला धरूनच होते, त्यात बंडखोरी नव्हती, हे खरे. पण त्यावर बोलता येत होते. ते आवडून त्यांना पुन्हा मत देता आले असते, न आवडून नाकारता आले असते. त्यापूर्वी ऑगस्ट २०१६ मध्ये वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती ४४३ विरुद्ध ० अशी मंजूर झाली होती. तीत कोणाविषयी काय बोलणार? सगळेच सारख्या रंगाचे. २०२४ च्या निवडणुकीत जलील संदिपान भुमरे यांच्याकडून एक लाख चौतीस हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. त्या हिशेबात हे एक मत कोठे बसले, की बसलेच नाही, हे सांगता येणार नाही. प्रचारात आम्ही तरी त्याचा उल्लेख फारसा ऐकला नाही.

मतदाराचे मत गुप्त असावे आणि प्रतिनिधीचे उघड, यातील मर्म आम्हांस या शोधात नव्याने उमगले. आम्ही पडद्याआड बटण दाबतो, कारण ते मत आमचे स्वतःचे असते. त्याचा जाब आम्ही कोणास देणे नाही. प्रतिनिधीचे मत त्याचे एकट्याचे नसते. ते अठरा-वीस लाख मतदारांची ठेव असते, आणि ठेवीचा हिशेब नावानिशी द्यावा लागतो. इंग्लंडातील लोकसभेने १८३६ पासून मतविभाजनाच्या याद्या आपण होऊन छापण्यास आरंभ केला, तो याच जाणिवेने. हा सिद्धान्त आम्ही पुतणीस मोठ्या उत्साहाने सांगितला. तिने तो ऐकून घेतला, आणि सहज विचारले, "तुमच्या त्या बैठकांत पण असंच नाव लिहितात का?"

वाचकहो, हा प्रश्न आम्हांस झोंबला, आणि तो का झोंबला हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

ज्या एका शिक्षणसंस्थेच्या समितीवर आम्ही काही वर्षे होतो, तेथे सायंकाळचे वर्ग चालत. चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांतून दिवसपाळी संपवून मुले येत. कोणाच्या शर्टाला तेलाचा वास, कोणाच्या हातात डबा तसाच. शेवटच्या तासाला निम्मी पेंगत. पण जागी असत ती असे प्रश्न विचारीत, की सकाळच्या वर्गाने लाजावे. एके वर्षी हे वर्ग बंद करण्याचा ठराव समितीपुढे आला. खर्च, दिवे, रखवालदार, शिक्षकांची अडचण, अशी कारणे होती; सगळीच खोटी नव्हती. ठराव चुकीचा आहे हे आमचे मत होते. आदल्या संध्याकाळी ते आम्ही दोन सहकाऱ्यांस तावातावाने सांगितलेही होते. बैठकीत अध्यक्षांनी चष्म्यावरून सभोवार पाहिले आणि म्हणाले, "सर्वांना मान्य?" कोणीतरी मान हलविली. कोणीतरी "हो, हो" म्हटले. पुढचा विषय चहाच्या बिलाचा होता. आमच्यावर कोणी पक्षादेश काढला नव्हता. आमची जागा जाण्याचे भय नव्हते. दहावे परिशिष्ट आम्हांस लागू नव्हते. तरी आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. इतिवृत्तात आले, "ठराव एकमताने मंजूर."

महिन्याभराने वाळूजकडच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस रस्त्यात गाठले. दोन वर्षे झाली होती, तिसरे राहिले होते. "सर, तुम्ही होतात ना त्या बैठकीत?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "होतो. पण ठराव एकमताने झाला." त्याने मान डोलावली, नमस्कार केला, आणि सायकल ढकलीत निघून गेला. आम्ही खोटे बोललो नव्हतो. इतिवृत्तात तसेच होते. 'एकमत' हा शब्द जोडून लिहिला म्हणजे त्यात सर्वांची मते मावतात, आणि तोडून लिहिला म्हणजे एकच माणूस उरतो, त्याच्या नावासकट. त्या दिवशी तोडून लिहिण्याजोगे आमच्याजवळ काही नव्हते.

तेव्हा दिल्लीतील आवाजी मतदानावर बोलण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हा प्रश्नच आहे. 'हो'च्या त्या एकत्रित गुंजारवात दडून बसण्याचे सुख आम्ही चाखलेले आहे. ते फार मोठे सुख असते.

अलीकडे आणखी एका समितीत, वाचनालयाच्या, काही मराठी व उर्दू मासिकांची वर्गणी बंद करण्याचा ठराव आला. विषय लहान. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारले, "सर्वांना मान्य?" आमच्या घशाला कोरड पडली; इतक्या वर्षांची सवय सहज सुटत नाही. तरी आम्ही म्हणालो, "आमचा विरोध आहे." आवाज फार मोठा निघाला नाही. शेजारचे गृहस्थ आमच्याकडे असे पाहू लागले, की जणू आम्ही सभेत शिंकलो. ठराव अर्थातच मंजूर झाला. आठवड्याने इतिवृत्ताची प्रत घरी आली, ती आम्ही पुतणीपुढे ठेवली. तीत लिहिले होते, "ठराव बहुमताने मंजूर. एका सदस्याचा विरोध."

तिने ती ओळ वाचली आणि विचारले, "कोणत्या सदस्याचा?"

पुढच्या बैठकीत पहिलाच विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा आहे. त्या वेळी तेथे आमचे नाव घालून घ्यावे, असे आम्ही ठरविले आहे. हे येथे छापण्यास देत आहोत ते एवढ्याचसाठी, की आता ते टाळता येऊ नये.